गावकार, महाजन आणि मतदार : प्रियोळ परिसराची ग्रामव्यवस्था

श्रीमंगेश व श्रीम्हाळसा यांच्या दर्शनास बेळगाव, इंदूर, वडोदरा अशा दूरच्या ठिकाणांहून येणारे कुळावी देवळाच्या प्राकारापर्यंत येतात आणि प्रसाद घेऊन परततात. ज्या गावाने या दैवतांस साडेचार शतके आसरा दिला, त्या गावाचा कारभार कोण पाहतो, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. भाविकांच्या माहितीसाठी आम्ही ही व्यवस्था येथे थोडक्यात देत आहोत.

गाव व परिसर

पणजी-फोंडा मार्गावर, फोंडा तालुक्यात प्रियोळ हे गाव वसले आहे. मंगेशी व म्हार्दोळ ही त्यातीलच स्थाने होत. शेजारचे वेलिंग व कुंकळ्ये धरून या साऱ्या परिसराची वेलिंग-प्रियोळ-कुंकळ्ये अशी एकच ग्रामपंचायत आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धर्मच्छळामुळे कुशस्थळीहून श्रीमंगेश, वेर्ण्याहून श्रीम्हाळसा आणि सांकवाळहून श्रीलक्ष्मीनृसिंह या भूमीत आले. तेव्हा फोंडा महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. पुढे १७३९ मध्ये रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या विनंतीवरून पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानास इनाम दिले.

कुळागरे, भाताची शेते आणि जाईचे मळे ही या भागाची जुनी ओळख होय. म्हार्दोळची जाई गोमंतकात प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात तेथील फुलकार समाजातर्फे श्रीम्हाळसेच्या देवळात होणारी जायांची पूजा हा देवाच्या सेवेइतकाच गावाच्या कष्टांचाही उत्सव असतो.

गावकरी अर्थात कोमुनिदाद

गोव्यातील सर्वांत जुनी ग्रामसंस्था म्हणजे गावकरी. गावाची जमीन सामाईक असे. ती लिलावाने कसावयास दिली जाई व त्या उत्पन्नातून बांध, वाटा, देवळे आणि गावचे सेवेकरी यांचा खर्च भागे. उरलेल्या रकमेतून गावकारांस वार्षिक वाटा मिळे, त्यास झोण म्हणतात. १७६३ मध्ये फोंडा पोर्तुगिजांकडे गेल्यावरही ही पद्धत टिकली. मात्र मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आणि त्यातील १९७६ ची दुरुस्ती यांमुळे शेतजमिनीवर कसणाऱ्यांचा हक्क प्रस्थापित झाला. कुळांस न्याय मिळाला, पण गावकरीचे उत्पन्न आणि त्यासोबत गावाची सामाईक कामे करण्याचे तिचे सामर्थ्य क्षीण झाले.

देवस्थान

देवस्थानचा कारभार महाजनांकडे असतो. महाजन म्हणजे नोंदवहीत नाव असलेल्या घराण्यांचे वंशज. यासाठी १९३३ ची देवस्थान नियमावली आजही लागू असून तालुक्याचे मामलेदार तिच्या अन्वये प्रशासक असतात. देवळाची जमीन, उत्सव व पूजाअर्चा एवढीच या संस्थेची मर्यादा आहे. प्राकाराबाहेरील रस्ता, दिवे वा गटार तिच्या अखत्यारीत येत नाहीत.

ग्रामपंचायत

१९६२ मध्ये गोव्यात प्रथमच प्रौढ मताधिकाराने पंचायतींच्या निवडणुका झाल्या. सध्याचा कारभार गोवा पंचायत राज अधिनियम, १९९४ प्रमाणे चालतो. प्रभागांतून पाच वर्षांसाठी पंच निवडले जातात आणि ते आपल्यातून सरपंच निवडतात. घरपट्टी, बांधकाम परवाने, पथदिवे, कचरा व स्वच्छता ही मुख्य कामे होत. गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो. जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी सर्वसाधारण ग्रामसभा भरविण्याची कायद्यात तरतूद आहे.

तीन नोंदवह्या, एक गाव

अशा रीतीने एकाच भूमीवर तीन नोंदवह्या आहेत : गावकाराची, महाजनाची व मतदाराची. पहिल्या दोहोंत नाव जन्माने येते, तिसऱ्यात वास्तव्याने. गावकार गावात राहतोच असे नाही. अनेक महाजन परगावी, परदेशी असतात. उलट पिढ्यान् पिढ्या येथे राबणारे कित्येक रहिवासी ना गावकार आहेत ना महाजन. त्यांचा अधिकार चालतो तो ग्रामसभेतच.

माघ पौर्णिमेच्या जत्रेस हजारो भाविक येतात. त्यांची वाहने गावच्या वाटांवर उभी राहतात, त्यांचा कचरा गावासच उचलावा लागतो, आणि तळी-विहिरी ज्या झऱ्यांवर जगतात त्या डोंगरउतारावर काय बांधावे हा प्रश्नही गावासमोर येतो. बाहेरच्या भाविकास या प्रश्नांवर मत देता येत नाही, तरी त्यांचा भार वाढविण्यात त्याचा वाटा असतो. देवस्थानची वैभवशाली वास्तू सुरक्षित राहील, पण भोवतालचे गाव खचले तर ती सुनी होईल, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

म्हणून भाविकांस आमची नम्र विनंती आहे. पूजा-अभिषेकाविषयी देवस्थान कार्यालयात विचारावे. रस्ता, वाहने व कचरा यांबाबत पंचायतीच्या सूचना पाळाव्यात. आणि दर्शनास येताना आपण एका नांदत्या गावात पाहुणे म्हणून येत आहोत, याचे भान ठेवावे. देव येथे आसऱ्यास आले होते. ज्यांनी तो आसरा दिला, त्यांच्या वंशजांचा मान राखणे हीही सेवाच होय.