खानदेशातील ध्यानयोग : तापीकाठ ते धुळे तुरुंग

खानदेशातील योगाची सर्वांत प्रसिद्ध कथा तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव गावाशी जोडलेली आहे. हठयोगी चांगदेवांनी योगबळाने चौदाशे वर्षांचे आयुष्य मिळवले, असे परंपरा सांगते. त्यांनी पाठवलेल्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी 65 ओव्यांत उत्तर दिले, तीच ‘चांगदेव पासष्टी’. पुढे चांगदेवांनी मुक्ताबाईंना गुरू केले. एवढा सिद्ध योगी कोवळ्या मुलीपुढे नमतो, यातच कथेचे सारे मर्म आहे : श्वास ताब्यात आला तरी अहंकार उरला, तर साधना अपुरीच. मुक्ताबाई 1297 मध्ये याच तापीकाठी अंतर्धान पावल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. जुन्या एदलाबादचे आजचे नाव मुक्ताईनगर, आणि आषाढी वारीसाठी मुक्ताईची पालखी आजही इथून पंढरपूरला जाते.

विसाव्या शतकात हा विषय अमळनेरात विद्येच्या अंगाने आला. प्रताप शेठ यांच्या आश्रयाने तिथे 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. त्याच काळात अमळनेरात राष्ट्रीय शिक्षणाचे काम करणारे जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले. 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून त्यांनी आसन-प्राणायामाचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासले.

ध्यान सामान्य माणसाच्या दिनक्रमात आणण्याचे श्रेय मात्र धुळे तुरुंगातील एका वर्गाला द्यावे लागते. 1932 च्या सत्याग्रहात तिथे कैदेत असलेल्या विनोबा भावे यांनी 21 फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेचा एक अध्याय सांगितला. ध्यानयोगाचा सहावा अध्याय 27 मार्चला आला. चित्त एकाग्र करण्यासाठी विनोबांनी गुहा किंवा सिद्धी सुचवली नाही. एकाग्रता व्यवहारात लागते तशीच परमार्थातही, हा त्यांचा पाया होता. खाणे, झोपणे, बोलणे, पाहणे मोजके हवे. आणि सृष्टीकडे मंगल दृष्टीने पाहता आले पाहिजे. जगाविषयी संशय आणि भय असेल तर मन सतत पहारा देत राहते, मग ते स्थिर कसे व्हावे? लहान मूल समोरच्या गोष्टीत पूर्ण रमते, म्हणून विनोबांनी त्याला या बाबतीत गुरू मानले. हातातल्या क्षणात असणे आणि मिळालेल्या जगाविषयी कृतज्ञ असणे, या दोन गोष्टी इथे एकच साधना ठरतात. स्वातंत्र्य हिरावलेल्या कैद्यांपुढे सृष्टी मंगल आहे असे सांगणे सोपे नव्हते. हे प्रवचन या मालिकेतील सर्वांत धीट वाटते ते त्यामुळेच.

श्रोत्यांत साने गुरुजी होते. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकलेल्या आणि तिथल्याच शाळेत शिकवलेल्या गुरुजींनी ही प्रवचने टिपून घेतली. अठरावे प्रवचन 19 जून 1932 रोजी झाले. गुरुजींच्या त्या टिपणांतूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ तयार झाला आणि अनेक भारतीय भाषांत गेला.