तेलाची नेमणूक

नेवाशात ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, गीतेवरचे निरूपण सांगितले, तो पैस खांब पाहायला लोक दुरून येतात. त्याच खांबावर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. त्याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. करवीरेश्वराचा दिवा अखंड तेवावा म्हणून तेलासाठी दरमहा सहा रूपक देण्याची ती नोंद. त्यात कळसाचा उल्लेख नाही की दागिन्यांचा नाही. रोज जळून संपणाऱ्या वस्तूचा खर्च, तोही महिन्याच्या महिन्याला, एवढेच दान दगडावर कोरावेसे वाटले. आजच्या दानात असा रोजचा खर्च बहुधा विसरला जातो. गरीब बायकांना छोटी कर्जे देणारी एखादी धर्मादाय संस्था वाढू लागली, की तिचे हितचिंतक बहुधा कर्जवाटपासाठी पैसे देतात. पण अशी संस्था अडते ती हिशेब, वसुली, प्रशिक्षण आणि बुडीत कर्जाची तरतूद यांच्या खर्चापाशी. हितचिंतकांची खरी मदत तिथे हवी, आणि आपल्याकडच्या पतव्यवहाराचा इतिहास याच बाजूने साक्ष देतो.

नाशिकच्या लेण्यांत दुसऱ्या शतकातला, क्षत्रप राजवटीतल्या उषवदाताचा लेख आहे. त्याने 3000 कार्षापण नाणी गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवली. 2000 वर महिना शेकडा 1 आणि 1000 वर महिना शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजच वापरायचे. 2000 चे वर्षाचे व्याज 240 होते आणि लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना वस्त्रासाठी दरडोई 12 कार्षापण द्यायचे होते, म्हणजे हिशेब अगदी बरोबर जुळतो. भिक्षूंना वस्त्रे मिळाली आणि विणकरांना कधीही काढून न घेतले जाणारे खेळते भांडवल मिळाले. शिवाय हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवला गेला. पैसा, तो सांभाळणारी संस्था आणि उघड नोंद या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते दान टिकाऊ ठरले.

या तीन गोष्टींपैकी एखादी नसली तर काय होते, ते नगर जिल्ह्याने पाहिले आहे. 1875 च्या मे महिन्यात शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सुरू झालेले दंगे पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत पसरले. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले गहाणखतांचे कागद जाळले. 1879 चा शेतकरी कायदा आला, त्याने सावकाराला लगाम घातला, पण पर्यायी कर्ज उभे केले नाही. विल्यम वेडरबर्न यांनी न्यायमूर्ती रानड्यांच्या साथीने पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली, ती लंडनच्या भारतमंत्र्यांनी नाकारली. पुढे 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तरी गावोगावच्या पेढ्यांना पैसा कुठून येणार हा प्रश्न उरलाच. 1911 मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांनी मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक काढली, तेव्हा त्यांनी शेतकऱ्याला थेट कर्ज दिले नाही. कर्ज देणाऱ्या पेढ्यांच्या पाठीशी ते उभे राहिले. त्याच बँकेत वैकुंठभाई मेहतांनी कित्येक दशके कारभार पाहिला. पैशाइतकीच मोलाची ही देणगी होती, पण ताळेबंदात ती कुठेच दिसत नाही.

नेवाशाच्या वरच्या अंगाला प्रवरेच्याच खोऱ्यात लोणीला विठ्ठलराव विख्यांनी 1923 मध्ये पतपेढी काढली. साखर कारखान्याचे धुराडे पेटले ते 1950-51 च्या हंगामात. मधल्या सत्तावीस वर्षांत गावाने भाग गोळा करणे, सभा चालवणे, वसुली करणे हे सगळे अंगवळणी पाडले. धनंजयराव गाडगीळ कारखान्याचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या अर्थशास्त्राला उभे राहायला ही जमीन तयार होती. नेवासा तालुक्यात पुढे भेंड्याला ज्ञानेश्वर आणि सोनईला मुळा असे कारखाने आले, त्यांची वाट लोणीनेच मळली होती.

पण या सहकाराच्या बाहेर माणसांची एक मोठी रांग उभीच राहिली. विकास सोसायटीचे पीककर्ज सातबाऱ्यावर मिळते. ज्या बाईचे नाव उताऱ्यावर नाही तिला, किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या भूमिहीनाला, सोसायटीच्या दारात काम नव्हते. 1954 च्या गोरवाला समितीच्या अहवालाने तर दाखवलेच होते की, ग्रामीण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम 3 टक्के आहे. ही उणीव भरायला बचत गट आले. 1992 मध्ये नाबार्डने 500 गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग केला, तर खेड तालुक्यात चैतन्य आणि म्हसवडला माणदेशी अशा संस्था उभ्या राहिल्या.

आता या कामाचे अर्थकारण जवळून पाहू. उषवदाताच्याच दराने, महिना शेकडा 1 ने, एका बाईला 10,000 रुपये दिले आणि बारा समान मुद्दल-हप्त्यांत फेडून घेतले, तर घटत्या शिलकीवर वर्षाचे व्याज येते 650 रुपये. त्यातून बँकेचे व्याज, कार्यकर्तीचा पगार, एसटीचे भाडे, लेखापरीक्षण आणि एखादे बुडालेले कर्ज, सगळे भागवायचे. एक लाखाच्या कर्जाला 6,500 रुपये मिळतात आणि वहीत नोंदी तेवढ्याच कराव्या लागतात. म्हणून बँका मोठ्या कर्जाकडे वळतात. ज्या बाईला 10,000 च हवेत तिच्यासाठी हा फरक कुणीतरी भरून काढावा लागतो. नाहीतर व्याज वाढते.

यावर पहिला आक्षेप असा की, दानाच्या पैशाने कर्जफेडीची शिस्त बिघडते. दान कर्जदाराच्या हातात पडले तर शिस्त खरेच बिघडते. पण कार्यकर्तीच्या पगाराला मदत केल्याने कुणाचा हप्ता माफ होत नाही. उलट महिन्याची बैठक चुकत नाही आणि हप्ता वेळेवर येतो. दुसरा आक्षेप, बाजारातले भांडवल मुबलक असताना दान कशाला? 2010 मध्ये आंध्र प्रदेशात त्याचे उत्तर मिळाले. नफ्याच्या घाईने एकेका घरात चार-चार सूक्ष्मकर्ज कंपन्यांची कर्जे गेली, वसुलीचा जाच वाढला आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. पैसा वेगाने आला, त्या वेगाने माणसे तयार झाली नव्हती. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: जो पैसा देतो तो हळूहळू मालक होतो. गोरवाला समितीच्या सल्ल्याने सरकारने सहकारात भागभांडवल घातले आणि त्यामागोमाग राजकारणही आत आले. यावर इलाज एवढाच की, मदतीला मुदत असावी आणि मताचा हक्क गटातल्या बायकांकडेच राहावा.

नेवासा सोडून पुण्या-मुंबईला किंवा परदेशात स्थिरावलेल्यांनी अशा संस्थेला मदत करायची ठरवली, तर एका कार्यकर्तीचा तीन वर्षांचा पगार उचलावा, बिनव्याजी दीर्घ मुदतीची रक्कम ठेवावी, बँकेपुढे हमी उभी करावी. हिशेबतपासनीस असाल तर वर्षातले चार दिवस द्यावेत. आणि देण्याआधी, यंदा किती कोटी वाटले हे विचारू नये. गटाची वही कोण लिहिते आणि तिचा पगार कुठून निघतो, हे विचारावे.