काचेचा धागा आणि रिद्धपूरची पोथी

रिद्धपूरचं नाव मराठीत राहिलं ते पोथीमुळे. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं हे गाव, श्रीगोविंदप्रभूंची भूमी. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी इथेच श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. आता याच गावात मराठी भाषा विद्यापीठ आहे. विद्यापीठाला ग्रंथालय लागतं तसं आज इंटरनेटही लागतं, आणि इंटरनेट म्हणजे अखेर केसाएवढ्या जाडीचा काचेचा धागा. तो कशात गुंडाळायचा, त्यावर किती खर्च करायचा, हा इंजिनिअर लोकांचा विषय वाटतो. पण या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला मोठा भाग हिंदुस्थानाशी जोडलेला आहे.

सुरुवात तारायंत्रापासून करू. विल्यम ओशॉनेसी हा कलकत्त्यातला डॉक्टर, रसायनशास्त्राचा प्राध्यापक. त्याने १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाइन उभी केली. त्याने बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळई निवडली. तांब्यातून वीज लोखंडापेक्षा चांगली वाहते, हे त्याला ठाऊक होतं. पण इथे माकडं तारेला लटकणार, पक्षी बसणार, वादळं येणार. सळई ते सगळं सोसणारी होती. जमिनीखालून नेताना त्याने तिला डांबरात भिजवलेलं कापड गुंडाळलं आणि कौलांच्या रांगेत राळ-वाळूच्या मिश्रणात बसवलं. माल साधा होता, पण निवड इथली जमीन आणि इथलं हवामान पाहून केलेली होती.

याच्या उलट गोष्ट लाल समुद्राची. १८५७ च्या उठावानंतर लंडनला हिंदुस्थानची खबर लवकर हवी होती. १८५९-६० मध्ये सुएझहून एडनमार्गे कराचीपर्यंत समुद्राखालून केबल टाकली गेली. आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चा, म्हणजे मलायातल्या झाडाच्या चिकाचा थर. बाहेरचं लोखंडी कवच मात्र हलकं ठेवलं. टाकतानाही ढिलाई न ठेवता ताणून टाकली, त्यामुळे ती समुद्रतळाच्या उंचवट्यांवर अधांतरी लोंबकळत राहिली. थोड्याच काळात तिचे तुकडे झाले. ब्रिटिश सरकारने मात्र कंपनीला पन्नास वर्षांची हमी देऊन ठेवली होती. मुक्या केबलसाठी वर्षाला ३६ हजार पौंड भरावे लागले! स्वस्त काम असं महागात पडतं.

तो धडा १८६४ च्या इराणच्या आखातातल्या केबलला कामी आला. तिचं लोखंडी कवच जस्त चढवलेलं होतं आणि वर डांबरी लेप होता. १८७० मध्ये मुंबईही एडन-सुएझमार्गे समुद्री केबलने जोडली गेली.

काचेची कहाणी त्यापुढची. प्रकाशाचा विषय निघाला की आपल्यात कुणी तरी लगेच इब्न अल-हैसमचं नाव घेतो. त्यांचं ‘किताब अल-मनाझिर’ हा खरोखर मोठा ग्रंथ आहे, त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण फायबर त्यांनी शोधला असं सांगणं म्हणजे त्यांच्याच चिकित्सक वृत्तीचा अपमान. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी दाखवलं, की काचेत प्रकाश विझतो तो मुख्यतः तिच्यातल्या अशुद्धीमुळे. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने अशी काच बनवली, की एक किलोमीटरनंतर एक टक्क्याहून जास्त प्रकाश उरे. आजच्या चांगल्या धाग्यात तेवढा प्रकाश शंभर किलोमीटरनंतर उरतो. प्लास्टिकचा धागा लवचिक असतो, जोडायलाही सोपा. पण त्यात प्रकाश काहीशे मीटरांतच मंदावतो. घरात, गाडीत तो चालेल. गावोगाव जायचं तर काचच हवी.

म्हणून आतल्या काचेबद्दल आता फारसा वाद नाही. खरा प्रश्न पुन्हा वेष्टणाचाच. काळं पॉलिथिन उन्हापासून वाचवतं, अ‍ॅरॅमिडचे धागे ताण घेतात, पोलादी पट्टी उंदीर-घुशींचे दात अडवते. प्रत्येक थराबरोबर किंमत वाढते. त्यात आपली वऱ्हाडातली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत केबल खोल, जाड प्लास्टिकच्या नळीतून न्यावी लागते, आणि खणण्याचा खर्च अनेकदा केबलपेक्षा जास्त होतो. ग्रामपंचायती जोडणाऱ्या भारतनेटने म्हणूनच २०१७ च्या दुसऱ्या टप्प्यात विजेच्या खांबांवरून केबल नेण्याचीही मुभा दिली. ते काम लवकर होतं, स्वस्तात होतं. पण वारा, ऊन आणि पडणारी झाडं त्याचा हिशेब मागतात.

२०२३ च्या सुधारित योजनेत आणखी एक शहाणपण आलं. एकामागे एक गाव अशी सरळ रांग सोडून वर्तुळाकार जोडणी करायची. एका बाजूला केबल तुटली तरी दुसरीकडून संदेश पोचतो.

हे वाचलं तेव्हा मला पुन्हा रिद्धपूर आठवलं. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत नाहीशी झाली, असं महानुभाव परंपरा सांगते. मुसलमान म्हणून मला हे वाक्य टाळावंसं वाटत नाही. सुलतानांच्या स्वाऱ्या राज्यासाठी होत्या, त्यांचा हिशेब माझ्या दीनकडे नाही. पण त्यात मराठीचं नुकसान झालं असेल तर ते माझ्याही भाषेचं नुकसान आहे. पोथी गेली, तरी ग्रंथ गेला नाही. ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा लिहिला गेला, म्हणून आज त्याचे अनेक पाठ मिळतात. पुढे पंथाने आपल्या पोथ्यांना सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांचं वेष्टणही चढवलं. कुरआन हिफ्ज करणाऱ्या समाजाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

रिद्धपूरच्या पोथ्या उद्या पडद्यावर येतील. त्या कुणाच्या तरी टेंडरमधल्या दोन रुपये स्वस्त वेष्टणावर अवलंबून राहू नयेत. अमानत जपायची असेल तर वेष्टण मजबूत हवं, आणि वाट एकच असून चालत नाही.