बॉक्सर, स्टॉपवॉच आणि मी कापलेले दहा गुण

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा लेखी मजकूर. आणि ज्यांनी इयरफोन लावलेत आणि कंपनीच्या बसमध्ये बसून चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेत, त्यांनी निवांत ऐका. एपिसोड संपेल, चौक संपणार नाही.

आज मला आधी एक चूक कबूल करायची आहे. आमच्या चिंचवडच्या सोसायटीत गणपतीत प्रश्नमंजूषा असते. विंगविरुद्ध विंग, फिरती ढाल, वर आइस्क्रीम. गेल्या वर्षी क्विझमास्तर मी होतो. इतिहासाचा पॉडकास्ट करतो म्हटल्यावर हे काम गळ्यात पडतंच. शेवटच्या फेरीत मी विचारलं, "भारताचा पहिला वैयक्तिक सुवर्णपदक विजेता कोण?" सातवी-आठवीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "मुरलीकांत पेटकर." मी म्हटलं, "चूक. अभिनव बिंद्रा, बीजिंग, २००८." उत्तर चुकलं की दहा गुण कापायचे असा नियम होता. कापले. त्याची विंग हरली.

मुलगा रडला वगैरे नाही. तो फक्त म्हणाला, "दादा, ते आपल्याच गावात राहतात."

घरी आल्यावर झोप लागेना. कारण मला पेटकर माहीत होते. पिक्चर बघितला होता, कबीर खानचा 'चंदू चॅम्पियन', जून २०२४ मध्ये आलेला, कार्तिक आर्यनचा. तरीही माझ्या डोक्यातला 'पहिला' हा कप्पा उघडल्यावर त्यात बिंद्राच होता. पेटकर दुसऱ्या कप्प्यात होते, 'प्रेरणादायी' नावाच्या. हे का झालं, ते आज बघू.

आधी माणूस. जन्म १ नोव्हेंबर १९४४, सांगली जिल्ह्यातलं पेठ इस्लामपूर. कमी वयात सैन्यात. ईएमई या कोअरमध्ये, म्हणजे सैन्याच्या गाड्या, यंत्रं, शस्त्रं चालू ठेवणारी शाखा. आपल्या पट्ट्यातल्या भाषेत सांगायचं तर मेंटेनन्स डिपार्टमेंट, फक्त ब्रेकडाऊन झालं तर वरून बॉम्ब पडतात. तिथे ते बॉक्सर झाले. १९६४ मध्ये टोकियोला सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते खेळले. त्याच वर्षी त्याच शहरात ऑलिंपिकही झालं होतं, त्यामुळे इथे गल्लत करू नका. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, मणक्याला इजा झाली, कमरेखालचं शरीर गेलं. एकविसाव्या वर्षाच्या आत बॉक्सिंग संपलं.

मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या हॉस्पिटलमध्ये उपचार झाले आणि व्यायाम म्हणून पोहणं सुरू झालं. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७० मध्ये एडिंबराला, राष्ट्रकुल देशांच्या दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धेत, ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये सुवर्ण, भालाफेकीत रौप्य, गोळाफेकीत कांस्य. आणि ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाईल, वेळ ३७.३३ सेकंद, सुवर्ण. या प्रवासात त्यांना आधार देणाऱ्यांमध्ये क्रिकेटपटू विजय मर्चंट होते, हेही नोंदवून ठेवा. नंतर पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे आपल्या पिंपरीच्या, नोकरी. अनेक वर्षं हा माणूस शिफ्टच्या भोंग्यावर जगणाऱ्या या गावातला एक कामगार होता.

आता वादाकडे.

मोशीला माझा एक मित्र आहे. सकाळी बॉक्सिंगच्या क्लासला जातो, भिंतीवर अलीचं पोस्टर. त्याचं म्हणणं, काही लोक वादाच्या पलीकडे असतात, त्यांच्यावर एपिसोड करायचे नसतात, फक्त नमस्कार करायचा असतो. मी म्हटलं, अलीवर? अरे, बॉक्सिंगमध्ये अलीइतका वाद कुणावर झाला असेल? २५ मे १९६५ ला लेविस्टनमध्ये लिस्टन पहिल्याच फेरीत पडला. तो ठोसा लागला की नाही यावर अजून भांडणं चालतात. १९७६ मध्ये केन नॉर्टनविरुद्धची तिसरी लढत अलीला दिली, तेव्हा नॉर्टन जिंकला होता म्हणणारे आजही भेटतात. १९६७ मध्ये त्याने व्हिएतनाम युद्धासाठी भरती व्हायला नकार दिला. पदवी गेली, साडेतीन वर्षं रिंग बंद, शेवटी १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली. निम्म्या अमेरिकेसाठी तो पळपुटा होता, आज तोच नकार त्याचा सगळ्यात मोठा पराक्रम धरला जातो. पण ज्या जो फ्रेझियरने बंदीच्या काळात अलीची बाजू घेतली, त्यालाच अलीने मनिलाच्या लढतीआधी जगासमोर गोरिला म्हटलं. फ्रेझियरने हे पुढे कित्येक वर्षं मनात ठेवलं. पोस्टरवर हे सगळं मावत नाही.

मित्र म्हणाला, मग एकही लढत न हरलेला? घ्या. रॉकी मार्सियानो, ४९ लढती, ४९ विजय. लोक म्हणतात, समोर म्हातारे झालेले बॉक्सर होते. फ्लॉइड मेवेदर, ५० पैकी ५०. लोक म्हणतात, पन्नासावी २०१७ मध्ये मॅकग्रेगरविरुद्ध, ज्याची ती पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत होती, ती काय मोजायची?

बॉक्सिंगमध्ये हे होणारच, कारण नॉकआऊट झाला नाही तर विजेता पंच ठरवतात. धावण्यात फीत असते, उंच उडीत पट्टी असते. इथे रिंगच्या कडेला बसलेल्या माणसांचे डोळे असतात. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत रॉय जोन्सने ८६ ठोसे लगावले, कोरियाच्या पार्क सी-हुनने ३२. निकाल ३-२ ने पार्कच्या बाजूने. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये गुण मोजायची पद्धत बदलावी लागली. तरी २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत आपली सरिता देवी उपांत्य फेरीत हरली, पदक घेताना रडली आणि ते कांस्य तिने हरवणाऱ्या कोरियन खेळाडूच्याच हातात दिलं. तिच्यावर वर्षभराची बंदी आली. आणि मेरी कोम, सहा वेळा जगज्जेती, २०१९ च्या शेवटी निखत झरीनविरुद्धच्या चाचणीत ९-१ ने जिंकली आणि हस्तांदोलन न करता निघून गेली. त्या दिवसाबद्दल दोन मुलींना विचारा, तीन मतं मिळतील.

या सगळ्यानंतर पेटकरांकडे परत या. माझ्या डोक्यात इथे एकदम लाईट लागला.

त्यांची बॉक्सिंगची बाजू धुक्यात आहे. सैन्यातल्या त्या लढती यूट्यूबवर नाहीत, की आपण रात्री दोन वाजता बघून म्हणू, हा राऊंड त्यांचाच. गोळ्या किती लागल्या, यावरही बातम्यांचं एकमत नाही. कुठे सात, कुठे नऊ. पिक्चरने आणखी रंग चढवले, पिक्चरचं कामच ते. बॉक्सर पेटकरांवर वाद घालायचा म्हटलं तर घालता येईल. पण पोहणारे पेटकर? तिथे पंचांचे डोळे नाहीत, घड्याळ आहे. ३७.३३. त्या आकड्याला जात नाही, देश नाही, तो कुणाच्या मित्राचा नाही. ज्याच्याकडून ठोशांचा खेळ हिसकावला गेला, त्याला खेळातला सगळ्यात निर्विवाद पुरावा मिळाला.

मग वाद संपायला हवा होता, नाही का? संपला नाही, आणि माझ्या प्रश्नमंजूषेत तर मीच तो घातला.

बिंद्राच्या बाजूने मुद्दा काय? ऑलिंपिक वेगळं, पॅरालिंपिक वेगळं. बरोबर आहे, वेगळंच आहे. शिवाय १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या स्पर्धेचं औपचारिक नाव पॅरालिंपिक नव्हतंच. ती २१ वी आंतरराष्ट्रीय स्टोक मँडेविल स्पर्धा होती. स्टोक मँडेविल हे इंग्लंडमधलं हॉस्पिटल. मणक्याच्या जखमींवर उपचार करणारे डॉक्टर लुडविग गुटमन यांनी २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होतं त्याच दिवशी, तिथे १६ रुग्णांची तिरंदाजी घेतली आणि तिथून हे सगळं वाढत गेलं. पॅरालिंपिक हे नाव अधिकृत होऊन जुन्या स्पर्धांना नंतर लागलं. म्हणजे काटेकोर माणूस म्हणू शकतो की १९७२ मध्ये पेटकरांनी पॅरालिंपिक सुवर्ण जिंकलं असं त्या दिवशी कुणी म्हटलं नसेल. मला हा मुद्दा फालतू वाटत नाही. इतिहासात नावं महत्त्वाची असतात. पण याच न्यायाने १९०० च्या पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचार्डने जिंकलेली दोन रौप्यपदकं भारताची की ब्रिटनची, यावर शंभर वर्षं भांडण चालू आहे, तरी आपण ती यादीत धरतो. ती यादीत असल्यामुळेच १९५२ च्या हेलसिंकीतलं खाशाबा जाधवांचं कांस्य सांगताना 'स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक' असा शब्द जोडावा लागतो. शब्द जोडून माणूस लहान झाला नाही.

दुसरा मुद्दा थोडा टोचणारा आहे. दिव्यांगांच्या स्पर्धेत दुखापतीच्या पातळीनुसार गट पाडतात, गट पाडले की प्रत्येक गटात स्पर्धक कमी होतात, मग सुवर्ण सोपं. ऐकायला ठीक वाटतं. पण बॉक्सिंगमध्येही वजनाचे गट असतातच. ४८ किलोच्या खेळाडूला आपण कधी म्हणत नाही की शंभर किलोच्या माणसाला हरवून दाखव. गट पाडणं म्हणजे सवलत, असं आपल्याला एकाच ठिकाणी का वाटतं?

आणि हे नुसतं आपल्या डोक्यात नव्हतं, कागदावरही होतं. स्पर्धा हायडेलबर्गला का झाल्या? कारण म्युनिकचं ऑलिंपिक गाव ऑलिंपिकनंतर लगेच राहण्याचे फ्लॅट व्हायचं होतं, चाकाच्या खुर्च्यांसाठी जागा उरत नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस म्युनिक सुरू झालं, तिथे भारताला एक पदक मिळालं, हॉकीचं कांस्य. म्हणजे त्या उन्हाळ्यात जर्मनीत भारताच्या नावावर एकच सुवर्ण होतं, आणि ते पिंपरीशी नातं असलेल्या माणसाचं होतं. पुढचं पॅरालिंपिक सुवर्ण यायला २००४ उजाडलं, अथेन्सला देवेंद्र झाझरियाचा भाला. मधल्या काळात, १९८२ मध्ये, पेटकरांना अर्जुन पुरस्कार नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. अर्जुन, जीवनगौरव गटात, जानेवारी २०२५ मध्ये. हायडेलबर्गनंतर ५२ वर्षं. तोवर ते ऐंशी पार होते.

इथे माझं मत सांगतो. मी ज्या वादाला घाबरत होतो, तो पेटकरांच्या वाट्याला आलाच नाही, हा खरा घोटाळा आहे. अलीवर साठ वर्षं भांडणं झाली म्हणून अली जिवंत राहिला. प्रत्येक पिढीने त्याला नव्याने तपासलं, शिव्या दिल्या, परत डोक्यावर घेतलं. पेटकरांवर कुणी भांडलंच नाही. तुम्ही कमी आहात असं कुणी तोंडावर म्हटलं असतं, तर कुणीतरी ३७.३३ चा कागद काढून दाखवला असता. त्याऐवजी विषय निघालाच नाही. आणि आता पिक्चर आल्यावर उलटं झालंय. आता लोक म्हणतात, एवढ्या मोठ्या माणसाबद्दल गोळ्या सात की नऊ असले प्रश्न विचारायचे नाहीत. का नाही? गोळ्यांचा आकडा चुकला म्हणून तलावातली वेळ बदलत नाही. उलट प्रश्न विचारले तर कळतं की या गोष्टीत पक्कं काय आहे आणि नंतर चिकटलेलं काय. मित्राला मी हेच म्हटलं. तो म्हणाला, तू पोस्टर लावणाऱ्यातला नाहीस. असेन बुवा.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर. एपिसोडची तयारी करताना मी तो कागद परत काढला. त्यावर 'ऑलिंपिक' हा शब्द नाही. मी तो मनात धरला होता, लिहिला नव्हता. नुसतं 'पहिला वैयक्तिक सुवर्णपदक विजेता' म्हटलं तर बिंद्राही चूक. आणि खरं सांगू? पेटकरही चूक. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाईलमध्ये सुवर्ण जिंकलं होतं. तोही पोहणाराच. १९५८ चा कार्डिफचा मिल्खा सिंगही आधीचा. म्हणजे प्रश्नच चुकीचा होता आणि गुण कापायचे होते तर माझे कापायला हवे होते.

मी त्या मुलाच्या घरी गेलो. हे सगळं सांगितलं. त्याने सचिन नाग हे नाव वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "मग माझे दहा परत?" मी हो म्हटलं. दहा परत केले तर त्याची विंग चार गुणांनी पुढे जाते. जिंकलेल्या विंगचं म्हणणं आहे की आइस्क्रीम खाऊन झाल्यावर निकाल बदलत नसतो, आणि प्रश्न रद्द करायचा तर सगळ्यांसाठीच रद्द करा. रविवारी क्लब हाऊसमध्ये मीटिंग आहे. ढाल अजून बी विंगच्या लिफ्टशेजारी लटकतेय.

काय झालं ते पुढच्या एपिसोडमध्ये सांगतो. तोवर तळेगाव चौक सुटला असेल तर कळवा.