खणाची गाठ आणि ब्राचा पट्टा

१/ धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो की, येथील जाडेभरडे कापड आणि मलमल भडोच बंदराकडे जात असे. कापडाच्या या गावापासून आजचा धागा सुरू करू. विषय आहे स्त्रीच्या वक्षाला आधार देणारे वस्त्र.

२/ तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पॉम्पेई येथील मूर्तीशी असलेले साम्य प्रसिद्ध आहे. दोहोंत वस्त्रापेक्षा अलंकार ठळक आहेत. त्यावरून तत्कालीन स्त्रिया वक्षवस्त्र वापरतच नसत, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. शिल्प संकेतांनुसार घडते. अमरकोशात ‘चोल’ आणि ‘कूर्पासक’ हे शब्द समानार्थी म्हणून येतात. आपली ‘चोळी’ त्याच कुळातली.

३/ खणाची चोळी अंगावर बेतून शिवली जाई. तिची दोन टोके वक्षाखाली गाठ मारून बांधली जात. आधाराचे मर्म या गाठीत होते. भार खांद्यांऐवजी बरगड्यांभोवतीच्या कापडावर येई, आणि गाठ किती आवळायची हे रोज ती स्त्रीच ठरवी.

४/ ३ नोव्हेंबर १९१४ रोजी अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब यांना पाठ उघडी ठेवणाऱ्या ब्रेसिअरचे पेटंट मिळाले. १९३०च्या दशकात तेथे कपांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे लागली. शरीरावर बेतले जाणारे वस्त्र आता आकड्यांच्या साच्यात आले.

५/ हे आकडे नीट वाचले पाहिजेत. ‘३४’ पट्ट्याचे माप सांगतो, तर ‘सी’ हे अक्षर त्या पट्ट्याच्या तुलनेत कप केवढा ते सांगते. म्हणून ३२ सी आणि ३८ सी यांचे कप सारखे नसतात.

६/ निवडताना जुन्या गाठीचेच तत्त्व लावावे. मुख्य आधार छातीखालच्या पट्ट्याने द्यायचा असतो. तो पाठीवर वर सरकत असेल, तर सैल आहे. खांद्यावर वळ उठत असतील, तर बहुधा पट्ट्याचे काम खांदे करीत आहेत. कपातून वक्ष बाहेर येत असेल, तर कप लहान आहे. नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर नीट बसावी. पुढे इलास्टिक ढिले पडले की आतले हुक कामी येतात.

७/ तुळजापुरात भवानीची ओटी खण-नारळाने भरतात, सर्वांसमक्ष. त्याच खणाची चोळी होते, आणि त्यात कोणाला संकोच वाटत नाही. ब्रा मात्र घरोघरी दोरीवर दुसऱ्या कपड्याखाली वाळते. दुकानात तिचे माप विचारायलाही जीभ अडखळते आणि अंदाजाने घेतलेली ब्रा वर्षानुवर्षे काचत राहते. हा संकोच परंपरेतून आला म्हणावे, तर परंपरेत खण उघडपणे ओटीत पडत होता. तेव्हा पुढच्या खरेदीआधी घरातली मापाची टेप काढावी आणि आईचेही माप घ्यावे.