प्रश्न विसरतो, भीती उरते

स्मृतिभ्रंश झालेली आई दिवसातून वीस वेळा विचारते, 'माझ्या छातीत काही बिघडलंय का?' उत्तर मिळते, क्षणभर तिचे समाधान होते आणि दहा मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा येतो. घरच्यांना तो हट्ट वाटू लागतो. या प्रश्नाकडे विज्ञानाने कसे पाहिले, याच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण दिल्लीलगतच्या बल्लभगडमध्ये घडले.

हरियाणातील फरिदाबाद जिल्ह्यातल्या या भागात दिल्लीच्या 'एम्स'ने १९६५ साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला होता. १९९०च्या दशकात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी तेथील खेड्यांत स्मृतिभ्रंशाची पाहणी हाती घेतली. पहिली अडचण मोजपट्टीचीच होती. जगभर वापरली जाणारी, १९७५ साली तयार झालेली स्मृतिचाचणी वाचता-लिहिता येते असे गृहीत धरत असे. येथे मात्र ५५ वर्षांवरील सुमारे ७३ टक्के लोक निरक्षर होते. ज्याने आयुष्यात कधी पाटी धरली नाही, त्याला वाक्य लिहायला सांगून स्मृतीची परीक्षा होत नाही. परीक्षा होते ती शाळेची.

म्हणून मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली हिंदी चाचणी सिद्ध केली. तिच्यात लिखित सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरच्याची कृती पाहून तसे करायचे होते. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य बोलायचे होते. विजय चंद्रा, गांगुली आदींनी १९९८ साली ५,१२६ जणांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६५ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १.३६ टक्के, म्हणजे तेव्हाच्या पाश्चात्त्य आकड्यांच्या मानाने फारच कमी आढळले.

याच प्रकल्पातून रोजच्या व्यवहारांची आणखी एक प्रश्नावली तयार झाली. तिची उत्तरे घरच्यांनी द्यायची होती. सण लक्षात राहतात का? गावात वाट चुकते का? नुकतेच जेवण झाले हे विसरून पुन्हा जेवायला मागतात का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागणे वा विचारणे हा स्वभावदोष नसून आजाराची खूण आहे, ही जाणीव त्यात दिसते. पण खूण ओळखल्यावर उत्तर काय द्यायचे, हे मोजपट्टी सांगत नाही.

त्याचा धागा दुसरीकडे सापडतो. १९११ साली जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेद यांनी स्मृती गमावलेल्या एका स्त्रीशी हस्तांदोलन करताना बोटांत टाचणी लपवली होती. पुढे ती प्रसंग विसरली, तरी हात पुढे करायला कचरली. का, हे तिला सांगता येईना. सुमारे शंभर वर्षांनी आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्ण चित्रफितीतला बराचसा तपशील लवकर विसरले, पण त्यांतून उमटलेली भावना टिकून राहिली. ज्यांना तपशील कमी आठवत होता, त्यांचे दुःख अधिक काळ रेंगाळले.

आईच्या प्रश्नाचा उलगडा इथे होतो. 'डॉक्टरांनी तपासलं' ही माहिती साठवायला हिप्पोकॅम्पस लागतो आणि आजाराचा घाला सुरुवातीलाच त्याच्यावर पडतो. भीती मात्र मागे उरते आणि पुन्हा प्रश्नाचे रूप घेते. 'आत्ताच सांगितलं ना!' हे वाक्य ती विसरेल. त्यातला त्रासिक सूर तिच्याजवळ राहील. उलट 'आई, परवाच डॉक्टरांनी पाहिलंय, हृदय ठीक आहे. मी आहे ना इथे,' हे थोडके आणि खरे वाक्य, प्रत्येक वेळी त्याच शब्दांत आणि तिचा हात हातात घेऊन म्हटले, तर शब्द पुसले जातील, पण आधार काही काळ उरेल. तीच ओळ ठळक अक्षरांत भिंतीवर लावता येते. वाचता न येणाऱ्यांसाठी आवाज आणि स्पर्श आहेतच.

मात्र प्रत्येक तक्रार आजाराच्या खाती टाकणे धोक्याचे आहे. अशा रुग्णांना मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा खरी छातीदुखी नीट सांगता येत नाही. तक्रार नवी असेल, चेहऱ्यावर वेदना दिसत असेल किंवा गोंधळ अचानक वाढला असेल, तर आधी तपासणी आणि मग धीर.

हे सारे करणाऱ्या माणसालाही आधार लागतो. गोव्यात अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित स्थानिक सल्लागार घरी जाऊन आजार आणि वागणूक समजावून सांगत. त्यामुळे शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. त्या अभ्यासातही बल्लभगडसाठी घडवलेली हिंदी चाचणी वापरली गेली. ज्येष्ठांना त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या जगण्याला धरून प्रश्न विचारायला विज्ञान तिथे शिकले. त्यांच्या प्रश्नांना तितक्याच समजुतीने उत्तर देणे हे आता या लाखो घरांचे काम आहे, आणि त्या घरांना एकटे न सोडणे हे आरोग्यव्यवस्थेचे.