केसरबाईंच्या मागे राहिलेल्या तबकड्या

थोर गवई वा गायिका स्वर्गवासी झाली, की थोड्याच काळात तिच्या गाण्यांचा एखादा संच बाजारात येतो. पूर्वी तो मोठ्या तबकडीच्या रूपाने येत असे, पुढे कॅसेट आली, मग सीडी आली, आणि आता तर हातातल्या फोनवर बोट टेकवले की झाले. वेष्टनावर तंबोऱ्यासह छायाचित्र असते, आत तरुणपणापासून उतारवयापर्यंतची निवडक गाणी असतात. आपण तो संच घरी आणतो आणि बाईंचे सारे गाणे आपल्या हाती आले असे समजतो. सुरश्री केसरबाई केरकर यांच्या बाबतीत मात्र ही समजूत फार फसवी आहे, आणि ती का फसवी आहे हे भगिनींनी जाणून घेण्यासारखे आहे.

केसरबाईंचा जन्म 13 जुलै 1892 रोजी गोव्यातील फोंडा भागातल्या केरी गावी झाला. ज्या समाजात त्या जन्मल्या तेथे मुलींनी गाणे शिकावे ही रीतच होती; पण त्या गाण्याला दाद मिळे तितका त्या बाईला मान मिळत नसे. वयाच्या आठव्या वर्षी त्या कोल्हापुरास गेल्या व अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या. पुढे गोव्यात रामकृष्णबुवा वझे, मुंबईस आल्यावर बरकतुल्ला खाँ, मग भास्करबुवा बखले, असे गुरू होत गेले. एकाजवळ जम बसावा तोच गुरूचे गाव बदलावे, तालीम तुटावी, असे वर्षानुवर्षे चालले. अखेर 1921 साली अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना शिष्या केले, तेव्हा बाईंचे वय एकोणतीस होते. त्या वयात आपल्याकडील बाईमाणसाचे शिक्षण संपूनही किती वर्षे लोटलेली असतात! केसरबाईंनी मात्र पुन्हा पहिल्या सुरापासून आरंभ केला. खाँसाहेब 1946 साली वारले, तोवर हे गुरुशिष्यनाते टिकले.

जयपूर-अत्रौली घराण्याची ही गायकी सोपी नव्हे. राग अनवट, ताना पेचदार, आणि सारे मोकळ्या आकारात, लयीला धरून उलगडत न्यायचे. एक राग मांडायला तास-दीड तास सहज लागावा. आता लाखेची जुनी तबकडी डोळ्यांपुढे आणा. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. म्हणजे पुरणपोळीच्या सबंध स्वयंपाकातून पाहुण्याला एक घास द्यायचा आणि त्यावरून त्याने सुगरणीची पारख करायची, असाच तो प्रकार होता.

तरीही आपल्या देशात या यंत्रापुढे प्रथम धीटपणे उभ्या राहिल्या त्या बायकाच. 1902 साली इंग्रज कंपनीचे लोक कलकत्त्यास ध्वनिमुद्रणाला आले, तेव्हा गौहर जान यांनी त्यांच्यापुढे गाऊन शेवटी आपले नाव स्पष्ट शब्दांत सांगितले. कित्येक मोठे उस्ताद त्या कर्ण्याला भीत होते, आपली विद्या चोरीस जाईल अशी शंका घेत होते. खुद्द अल्लादिया खाँसाहेबांची तर एकही तबकडी मागे नाही. एवढा मोठा गवई, पण त्यांचा आवाज कसा होता हे आज कोणालाही कानांनी ऐकता येत नाही; शिष्यांच्या गाण्यावरून अदमास बांधायचा, इतकेच.

अशा गुरूची शिष्या ध्वनिमुद्रणाबाबत काटेकोर निघाली तर नवल नाही. एच्. एम्. व्ही. आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी केसरबाई गायल्या, पण मोजक्याच. कोणता राग द्यायचा, कसा द्यायचा, याचा निवाडा त्या स्वतः करीत. याला कोणी हट्ट म्हणतात, कोणी गर्व. मला तसे वाटत नाही. ज्या बाईच्या पाठीशी घराण्याचे नाव नाही, वाडवडिलांची जमीन नाही, तिची मिळकत एकच, गळ्यातली विद्या. ती चव्हाट्यावर किती मांडायची हे तिने का ठरवू नये? घरातले दागिने आपणही वाटेल त्याच्या हाती देत नाही. मात्र या जपणुकीची किंमत पुढच्या पिढ्यांना मोजावी लागली हेही तितकेच खरे. शिष्यपरंपरा म्हणावी तर तीही त्यांनी वाढविली नाही. त्यांची तालीम लाभली ती धोंडूताई कुलकर्णी यांनाच.

मानसन्मान पुष्कळ झाले. 1948 साली कलकत्त्यास ‘सुरश्री’ ही पदवी, 1953 साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक, 1969 साली पद्मभूषण, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाकडून ‘राज्य गायिका’ हा किताब. पण आवाजाला पूर्वीचे तेज राहिले नाही असे दिसताच 1964 च्या सुमारास त्यांनी जाहीर गाणे बंद केले. उतरता सूर लोकांना ऐकवायचा नाही, हा निर्णयही त्यांचाच. 16 सप्टेंबर 1977 रोजी त्या गेल्या.

मग मागे जे संच निघाले, एच्. एम्. व्ही.चे व पुढे तिच्याच सारेगामा या नव्या नावाचे, त्यांत नवीन असे काय असणार? त्याच लाखेच्या बाजू. ललत, देसी, नट कामोद, मालकंस, गौड मल्हार, जयजयवंती, दुर्गा, ककुभ बिलावल, भैरवी, प्रत्येकी तीन-साडेतीन मिनिटे. खासगी मैफलींची काही ध्वनिमुद्रणे जाणकारांच्या हाती फिरत आली, त्यांवरून विस्ताराची कल्पना येते. पण मुख्य ठेवा या छोट्या तबकड्यांचाच. म्हणून हा संच एका दमात, घरकाम करता करता ऐकू नये, असे माझे मत आहे. एक बाजू लावावी आणि थांबावे. पहिल्याच सुरात राग उभा राहतो, अस्थाई भरभर पुढे जाते, समेवर येताना लय जराही ढळत नाही, आणि तान सुरू झाली न झाली तोच सुई किनाऱ्याला लागते. दार किलकिले झाले आणि आतला दिवाणखाना क्षणभर दिसला, असे वाटते. तो दिवाणखाना केवढा होता हे मनाने जोडून घ्यायचे.

याच काळात आणखी एक संच तयार होत होता, तोही जगावेगळा. अमेरिकेने 1977 साली व्हॉयेजर नावाची दोन याने आकाशात सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली, न जाणो कोणी परग्रहावरचा ती वाजवील म्हणून! कार्ल सेगन या शास्त्रज्ञाच्या मंडळीने साऱ्या पृथ्वीवरून सत्तावीस तुकडे निवडले. त्यांत बाख आणि बेथोव्हेन आहेत आणि हिंदुस्थानातून एकट्या केसरबाई आहेत, भैरवीतील ‘जात कहाँ हो’. रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकाने तिची शिफारस केली होती. गंमत अशी की शिफारस झाली तरी तबकडी काही मिळेना, ती केव्हाच बाजारातून नाहीशी झाली होती. शोधता शोधता न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, तिच्या न उघडलेल्या तीन प्रती सापडल्या. दुसरे यान 5 सप्टेंबरला सुटले आणि अकराच दिवसांनी बाई गेल्या. आज दोन्ही याने सूर्यमालेच्या वाऱ्यापलीकडे गेली आहेत, पहिले 2012 साली व दुसरे 2018 साली.

ती तीन खोकाबंद तबकड्यांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कंपनीकडे सगळे जपून ठेवलेले असते, हा आपला भ्रम आहे. जुन्या गाण्यांचे पुष्कळसे धन हौशी संग्राहकांच्या कपाटांतून निघाले आहे. मुंबईत 1990 साली अशा मंडळींनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था काढली व जुन्या तबकड्यांची नोंद घेण्याचे काम हाती घेतले.

आपल्या मीरा-भाईंदरमध्ये गोमंतकातून, कोकणातून, देशावरून, गिरगाव-दादरच्या चाळींतून उठून आलेली कितीतरी घरे आहेत. जागा बदलताना आजी-सासूबाईंची ट्रंक बरोबर आलेली असेलच. तीत तळाशी तबकड्या असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा त्यांवरचा कागद वाचावा. नाव कोणाचे, राग कोणता, क्रमांक काय, हे वहीत टिपून ठेवावे. तबकड्या एकीवर एक आडव्या रचू नयेत, त्या वाकतात व तडकतात. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. पुसायला कोरडे मऊ फडके पुरे, स्पिरिट लावू नये, लाख विरघळते.